पोटात दुखतंय, मॅडम

अनंत चतुर्दशीला पुण्यात लक्ष्मी रस्त्याजवळच्या प्रथमोपचार केंद्रावर बसायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा नेम आहे. कुंटे चौकाच्या अलीकडे एका गल्लीत, जुन्या वाड्याच्या ओसरीवर आमचं टेबल आणि दोन खाटा असतात. येणारी दुखणी ठरलेली. उन्हानं चक्कर आलेली माणसं, टिपरू धरून तळहाताला फोड आलेले वादक, गर्दीत चप्पल हरवून पायात काच घुसलेली पोरं. पट्टी बांधायची, ओआरएस पाजायचं, थोडं सावलीत बसवायचं, की मंडळी पुन्हा मिरवणुकीत.

यंदा दुपारी साडेतीनच्या सुमाराला एका ढोल-ताशा पथकातल्या दोन मुलांनी तिसऱ्याला धरून आणलं. वय सोळा, अकरावीत शिकणारा. पांढरा कुर्ता घामानं भिजलेला, चेहरा उतरलेला, कमरेत वाकून पाय फाकवत चालत होता. दोनदा उलटी झाली होती. "मॅडम, सकाळपासून रिकाम्या पोटी वाजवतोय, पित्त झालंय त्याला," मित्रांनीच निदान सांगून टाकलं. एकाच्या हातात लिंबू सरबताचा ग्लास तयार होता.

"कुठं दुखतंय रे?"

"पोटात दुखतंय, मॅडम."

बेंबीच्या खाली डाव्या बाजूला त्यानं हात ठेवला. मी पोट दाबून पाहिलं. मऊ होतं, कुठंही तो दचकला नाही. एवढ्या वेदना, दोन उलट्या आणि पोट मऊ. या वयाच्या मुलाचं पोट दुखत असेल, तर लेंग्याची नाडी सोडून खालची तपासणी केल्याशिवाय मी त्याला सोडत नाही. बाळ आईच्या पोटात असताना वृषण, म्हणजे गोट्या, त्याच्या मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि जन्माच्या आधी खाली पिशवीत उतरतात. येताना आपल्या रक्तवाहिन्या आणि नसा वरूनच घेऊन येतात. त्यामुळे दुखणं खाली असलं तरी कळ पोटात जाते आणि मळमळतं. मुलगा खोटं बोलत नसतो, त्याचं पोट खरंच दुखत असतं. उरलेलं तो सांगत नाही, एवढंच.

मित्रांना बाहेर पाठवलं. आमच्याबरोबर एक इंटर्न मुलगा होता, त्याला चादर आडवी धरायला सांगितली आणि जवळ वाकून विचारलं, "हे बघ राजा, गोटीत दुखतंय का? मी डॉक्टर आहे, माझं हे रोजचं काम आहे. मी बघितलं तर चालेल ना?"

त्यानं मान हलवली आणि डोळ्यांतून पाणी काढलं. "दीड वाजल्यापासून. बेलबाग चौकातनं पुढं निघालो तेव्हा एकदम कळ आली. ढोल लागला असेल म्हटलं."

दोन तास हा मुलगा तसाच कमरेला ढोल बांधून वाजवत होता. रांगेत मागेपुढे मुली होत्या, पथकप्रमुख ओरडेल अशी भीती होती, आणि सांगायचं तरी काय नि कुणाला?

डावा वृषण उजव्यापेक्षा वर ओढला गेला होता, आडवा झाला होता, सुजला होता. मांडीच्या आतल्या बाजूला हलकं बोट फिरवलं की त्या बाजूचा वृषण आपोआप वर सरकतो. उजवीकडे सरकला, डावीकडे काहीच हालचाल नाही. माझ्या मनात शंका उरली नाही. वृषणाला पीळ पडला होता.

वृषण ज्या नाळेला लोंबतो, तिच्यातूनच त्याला रक्त मिळतं. बहुतेकांचा वृषण मागच्या बाजूनं पिशवीला धरलेला असतो. काही मुलांच्यात ती पकड जन्मतःच नसते आणि घंटेतल्या लोलकासारखा तो मोकळा हलत राहतो. मग एखाद्या दिवशी नाळेला पीळ बसतो आणि रक्त बंद होतं. त्यासाठी मार लागावा लागत नाही, कित्येक मुलांना झोपेतच हे होतं. बारा ते अठरा हे वय त्यासाठी सगळ्यात धोक्याचं. पहिल्या सहा तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतो. त्यानंतर शक्यता वेगानं घटते, आणि चोवीस तास उलटले तर क्वचितच काही हाती लागतं. आमचे दोन तास मिरवणुकीत गेले होते.

पहिलं काम म्हणजे सरबताचा ग्लास बाजूला ठेवायला लावला. भूल द्यावी लागणार, पोटात काही नको. मूत्रमार्ग आणि वृषणांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या ओळखीच्या युरोसर्जनना फोन केला, त्यांनी थिएटर तयार ठेवतो म्हणून सांगितलं. मग खरी अडचण. आजूबाजूचे सगळे मोठे रस्ते वाहनांना बंद. रुग्णवाहिका जिथपर्यंत येऊ शकत होती, तिथवर पथकातल्या सहा मुलांनी त्याला स्ट्रेचरवर उचलून नेलं. कुमठेकर रस्ता ओलांडताना तिथल्या पथकानं वादन थांबवलं आणि त्या तुडुंब गर्दीत वाट झाली. पुण्याच्या मिरवणुकीबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, माझ्याही आहेत, पण ही गोष्ट मी दरवर्षी बघत आले आहे.

वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. मुलगा अठराच्या आतला, संमती त्यांची हवी. ते धनकवडीहून निघाले, स्वारगेटला गाडी लावून पुढं अक्षरशः पळत आले. कागदावर सही करताना त्यांचा हात थरथरत होता. त्यांनी हळूच विचारलं, "डॉक्टर, पुढं लग्न, मूलबाळ...?" मी सांगितलं, वाचवायचाच प्रयत्न आहे, पण समजा काढावा लागला, तरी दुसरा चांगला असेल तर हार्मोन आणि मूल होणं, दोन्हीला सहसा एक पुरतो.

सर्जननी डॉपलर सोनोग्राफीसाठी, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या तपासणीसाठी, थांबायचं नाही असं ठरवलं. चित्र इतकं स्पष्ट असताना तपासणीत घालवलेला वेळ वृषणाचा असतो, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पाचच्या आत चीर गेली होती. नाळेला दीड वेढा पडलेला, वृषण काळपट जांभळा. पीळ सोडवला, कोमट सलाइनच्या ओल्या कापडात गुंडाळला आणि सर्जन थांबले. काही मिनिटं काहीच नाही. मग कडेनं गुलाबी छटा दिसू लागली. तो टाके घालून पिशवीला पक्का केला आणि उजवाही तसाच बांधला, कारण पकड नसण्याचा दोष बहुधा दोन्हीकडे असतो.

हे सगळं मुलाच्या आणि आई-वडिलांच्या परवानगीनं लिहिते आहे. लिहावंसं वाटलं ते दुसऱ्या एका मुलामुळे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक चौदा वर्षांचा मुलगा तिसऱ्या दिवशी आला होता. घरी बेंबीवर हिंग लावून झालं होतं, मग कुठल्याशा दवाखान्यातून पित्ताच्या गोळ्या. त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. त्याचा वृषण काढावा लागला.

कोजागरीला पथकाचं मसाला दूध होतं. पथकप्रमुखांनी मला बोलावलं, मुलांशी बोला म्हणाले. उघडपणे कोण विचारणार, म्हणून चिठ्ठ्या मागवल्या. डबा भरला.

सर्वांत जास्त चिठ्ठ्या हस्तमैथुनाच्या. रक्ताच्या शंभर थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो, त्यानं माणूस खंगतो, हे या मुलांना अजून कुणीतरी ऐकवतंच आहे. मी स्पष्ट सांगितलं: अशक्तपणा येत नाही, नस वाकडी होत नाही, पुढं मूल व्हायला अडथळा येत नाही. जिममधल्या इंजेक्शनांबद्दल मात्र मी कडक बोलले. बाहेरून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घेतलं की मेंदू वृषणांना दिला जाणारा हुकूम थांबवतो. दंड फुगतात आणि शुक्राणू बनणं मंदावतं, कधी पार बंद पडतं. पिशवी शरीराबाहेर का आहे, यावर एकानं छान प्रश्न विचारला होता. शुक्राणू बनायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने जातात, म्हणून मोठ्या तापाचा परिणाम नंतरही काही आठवडे दिसतो. तंबाखू-सिगारेटनं संख्या आणि चाल दोन्ही बिघडतात.

आणि महिन्यातून एकदा, गरम पाण्यानं अंघोळ झाल्यावर, दोन्ही वृषण अंगठा आणि बोटांत धरून हळूच चाचपायला सांगितले. एक थोडा खाली लोंबतो, ते ठीक. मागच्या बाजूला मऊ लांबट भाग लागतो, तोही ठीक. पण वृषणावरच कडक गाठ लागली, भले दुखत नसो, तर दाखवायचं. वृषणाचा कर्करोग पंधरा ते पस्तीस या वयात जास्त आढळतो आणि लवकर सापडला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. दुखलं तर त्याच क्षणी सांगायचं, मग समोर मिरवणूक असो नाहीतर परीक्षा.

डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी होती. "मला लहानपणापासून एकच आहे. घरी माहीत नाही. काही होतं का?"

मी सगळ्यांसमोर वाचली आणि म्हटलं, ज्याची असेल त्यानं रात्री साडेआठनंतर दवाखान्यात यावं, तेव्हा गर्दी नसते. जन्मानंतर सहाव्या महिन्यापर्यंत वृषण पिशवीत उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवायचं आणि दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी. वर उबेत राहिला तर शुक्राणू बनवायची ताकद जाते, शिवाय कर्करोगाचा धोका वाढतो.

तो आला. सतरा वर्षांचा. सोनोग्राफीत उजवा वृषण जांघेत सापडला. खाली आणायचा की काढायचा, ते सर्जन उघडून पाहिल्यावर ठरवतील. दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया आहे. आईला समोर बसवून मीच सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "धाकटा आठ वर्षांचा आहे, त्यालाही बघाल?" दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन आली. त्याचे दोन्ही जागेवर आहेत.