तुळजापूरला जाताना २१.६ लिटर, येताना १४.९

संक्रांत झाली की आईला तुळजापूरला न्यायचं, हे दोन वर्षं राहून गेलं होतं. यंदा नेलं. गाडी फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी: दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. धाकटा भाऊ कायम म्हणतो की असली गाडी घेतली की ॲव्हरेज बघायचं नसतं. मला हे पटत नाही. ताकद इंजिनात असते, पण पेट्रोल जातं ते पायामुळे, असं माझं म्हणणं. मग ठरलं. जाताना तो चालवणार, येताना मी. दोन्हीकडे टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, वरून ‘अजून थोडं’ नाही. स्क्रीनवरच्या आकड्यावर विसंबायचं नाही, कारण तो बहुतेक गाड्यांत थोडा खुशीत असतो.

छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासला टाकी भरून सकाळी निघालो. राष्ट्रीय महामार्ग ५२ धरला की वाट सरळ आहे: आडूळ, पाचोड, शहागडला गोदावरीचा पूल, गेवराई, बीड, मांजरसुंब्याचा घाट, चौसाळा, येरमाळा, येडशी, धाराशिव आणि तुळजापूर. माझ्या ट्रिप मीटरवर २६८ किलोमीटर. रस्ता चौपदरी आणि बहुतेक ठिकाणी चांगला, पण हा समृद्धीसारखा कुंपणातला रस्ता नव्हे. दुभाजकाला जागोजागी कट आहेत. तिथून ट्रॅक्टर निघतो, मोटारसायकल उलट्या बाजूने येते, शेळ्या येतात. जानेवारीत गाळप हंगाम भरात असतो, त्यामुळे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेने चाललेले.

धाकट्याने वेग फार वाढवला असं नाही. काटा ११० च्या पुढे त्याने एकदाही नेला नाही. पण पट्टा मोकळा दिसला की रेस, पुढे ट्रॉली आली की कचकन ब्रेक, ट्रॉली मागे पडली की पुन्हा तळापर्यंत पाय. गिअर बराच वेळ एस (स्पोर्ट) मोडमध्ये, म्हणजे इंजिन तीन हजारांच्या वर फिरतंय. मी शेजारी डायरी घेऊन बसलो होतो. गाडी नव्वदच्या वरून चाळीसच्या खाली ब्रेक मारून आणली की एक रेघ ओढायची. पाचोडपर्यंत सहा रेघा. गेवराईच्या पुढे आई मागून म्हणाली, “अरे बाबा, जरा दमानं. देवीला जायचंय का दवाखान्यात?” तुळजापूरच्या पंपावर पोचलो तेव्हा रेघा सदतीस झाल्या होत्या. थांबे सोडून चालण्याचा वेळ तीन तास पन्नास मिनिटं. पेट्रोल बसलं २१.६ लिटर, म्हणजे लिटरला १२.४.

त्या सदतीस रेघांचा हिशेब मी रात्री भक्तनिवासात मांडला. तीन माणसं आणि सामान धरून गाडी साधारण पंधराशे किलोची. तिला ३५ वरून ९५ ला न्यायला जी ऊर्जा लागते ती देताना, इंजिनात पेट्रोलच्या ऊर्जेतला पाव-सव्वापाव हिस्साच चाकापर्यंत पोचतो हे धरलं, तर दर वेळी पन्नासेक मिली पेट्रोल लागतं. टपरीवरचा कटिंग चहा जेवढा असतो, तेवढंच. ब्रेक दाबला की त्याची डिस्कमध्ये नुसती उष्णता होते, आणि पुढे तोच वेग पुन्हा विकत घ्यावा लागतो. सदतीस ग्लास म्हणजे दोन लिटरला थोडं कमी. उरलेलं छोट्या-छोट्या ब्रेकमध्ये, एस मोडमध्ये आणि वाऱ्यात गेलं.

ताकदीच्या गाडीचा खरा धोका मला इथे दिसतो. आमच्या बाबांची जुनी मारुती ८०० होती. तिचा वेग एकदा मोडला की परत यायला अर्धा किलोमीटर लागायचा, म्हणून बाबा लांबूनच अंदाज घेत, पाय आधी काढत, आणि ब्रेकला शक्यतो हात लावत नसत. व्हर्टसमध्ये टर्बोचा पूर्ण टॉर्क १६०० आरपीएमपासूनच हाताशी असतो. गेलेला वेग चार-पाच सेकंदांत परत मिळतो, म्हणून तो गमावल्याचं काहीच वाटत नाही. किंमत तेवढीच मोजावी लागते, फक्त ती जाणवत नाही.

दर्शन शांतपणे झालं. बुधवार होता. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळता आली तर टाळा. रांग आणि पार्किंग दोन्ही हाताबाहेर जातात. गावात गाडी आत-आत नेण्याच्या फंदात पडू नका. पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास सरकत राहिलं तर महामार्गावर वाचवलेलं सगळं तिथे जातं. बाहेरच्या वाहनतळावर लावा आणि चालत जा.

आईने कवड्यांची माळ घेतली. परतताना ती मी गिअरशेजारच्या खणात ठेवली. गुळगुळीत प्लास्टिकचा खण, त्यामुळे गाडीला जरा झटका बसला की कवड्या पुढच्या कडेवर खळकन आपटत. पाच-सहा किलोमीटरमध्येच आईच्या हे लक्षात आलं आणि मग ती मागून सांगायला लागली, “वाजल्या.” ब्रेक मोजायला याहून चांगलं साधन मला कुठल्या गाडीत दिसलेलं नाही. धाराशिव येईपर्यंत माझा पाय त्या आवाजाला सरावला. लांबवर ट्रॉली दिसली की पाय वर, आरशात बघायचं, उजवा पट्टा मोकळा असेल तर ऐंशी-पंच्याऐंशीवर असतानाच बाजू बदलायची, ट्रॉलीच्या बुडाशी जाऊन नाही. येडशी ते मांजरसुंबा या टप्प्यात कवड्या दोनदाच वाजल्या. एकदा कुत्रं आडवं आलं, एकदा कटमधून मोटारसायकल. दोन्ही वेळा ब्रेक मारायलाच हवा होता आणि मी तो पूर्ण दाबला. पेट्रोल वाचवण्यापायी ब्रेकला उशीर करणं कधीही नको.

पाय वर उचलणे म्हणजे न्यूट्रल नव्हे. आपल्याकडे उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय अजून आहे, आणि मांजरसुंब्याच्या घाटात तर ती जिवावर बेतू शकते. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल पूर्ण बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं आणि इंजिनचा ब्रेकही जातो. मी घाट उतरताना स्टिअरिंगमागच्या पॅडलने चौथा, वळणावर तिसरा गिअर घेतला. तात्काळ खपाचा आकडा शून्यावर, ब्रेक थंड, आणि खाली बीडकडे उतरलो तोवर एकदाही घाई नाही.

या इंजिनात आणखी एक सोय आहे. भार हलका असला की चारपैकी मधले दोन सिलिंडर बंद होतात, त्यांच्या झडपा मिटून राहतात, आणि समोर दोन सिलिंडरचा इशारा दिसतो. धाकट्याने जाताना तो क्वचितच पाहिला. मी पाय नेमका किती ठेवला की तो टिकतो हे शोधत राहिलो. पाय स्थिर ठेवायचा, चढ आला की वेग चार-पाच किलोमीटरने कमी होऊ द्यायचा, उतारावर तो आपोआप भरून निघतो. क्रूझ कंट्रोल चढावर वेग धरून ठेवायला जास्त पेट्रोल ओततो, म्हणून चढ-उताराच्या बालाघाट डोंगररांगेत मी तो बंद ठेवला. गेवराईपासून पुढे सपाटीला चालू केला.

सरमकुंडी फाट्याला खव्याचे पेढे घ्यायला थांबलो. कुंथलगिरीच्या खव्याची चव या पट्ट्यातच मिळते, तेव्हा तुम्हीही थांबा. शहागडच्या पुलाअलीकडे चहा झाला. बीड बायपासच्या त्याच पंपावर, त्याच बाजूच्या नोझलने टाकी भरली: १४.९ लिटर. लिटरला १८ ला अगदी थोडं कमी. वेळ चार तास नऊ मिनिटं. म्हणजे एकोणीस मिनिटं जास्त लागली आणि पावणेसात लिटरच्या आसपास, म्हणजे सातेकशे रुपयांचं पेट्रोल वाचलं. नोझलच्या फरकाने अर्धा लिटर इकडेतिकडे धरला तरी चित्र बदलत नाही.

धाकटा म्हणाला, “दादा, तू हळू चालवली म्हणून.” हा मुद्दा मला तसाच सोडायचा नव्हता. रविवारी सकाळी दोघंच समृद्धीवर गेलो, सावंगी ते जालना इंटरचेंज आणि परत, चाळीसेक किलोमीटरचा टप्पा. इथे ट्रॅक्टर नाहीत, दुचाकी नाहीत, कट नाहीत, म्हणजे ब्रेकचा प्रश्नच निघतो. उरतो फक्त वारा. जाता-येता दोन्हीकडची सरासरी घेतली, म्हणजे चढ आणि वाऱ्याची दिशा एकमेकांना खोडतात. क्रूझवर ८० ला स्क्रीनने २२.४ दाखवले, १०० ला १८.९, आणि १२० या कमाल मर्यादेला १५.१. ऐंशीला दोन सिलिंडरचा इशारा जवळपास कायम होता, १२० ला तो फक्त उतारावर आला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० ला गेलात की वेग दीडपट, विरोध सव्वादोनपट.

पण धाकटा गप्प झाला तो १५.१ वर. सलग १२० ने जाऊन गाडीने जेवढं दिलं, त्यापेक्षा तिने तुळजापूरला जाताना ११० च्या आत राहून कमी दिलं होतं. स्क्रीनचा आकडा खुशीत असतो म्हणून एक किलोमीटर वजा केला, तरी कमीच. म्हणून मी दोन रस्त्यांना दोन वेगळे नियम लावतो. महामार्ग ५२ वर, किंवा लातूर, नांदेड, परभणीच्या कुठल्याही रस्त्यावर, ब्रेकवर लक्ष ठेवा. समृद्धीवर वेगावर ठेवा. तिथे मी आता १०० ला जातो, आणि घाई असेल तरच १२० ला. ८० ला गेलात तर डावी लेन सोडू नका, ट्रकही त्याच वेगाने असतात.

समृद्धीवर चढण्याआधी टायरची हवा थंड टायरला तपासा, दारावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणावरच्या तक्त्याप्रमाणे. हवा कमी असली की ॲव्हरेज तर पडतंच, पण सिमेंटच्या रस्त्यावर तासभर सलग पळून टायर तापतो आणि तो फुटण्याचं मोठं कारण तेच आहे. छतावर कॅरिअर असेल आणि रिकामा असेल तर काढून ठेवा. आणि जुन्या आकड्यांशी तुलना करताना एक लक्षात घ्या, पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी. ज्या उसाच्या ट्रॉलीमागे आपण ब्रेक मारतो त्याच उसाच्या मळीचं इथेनॉल टाकीत असू शकतं, हे मला या प्रवासात पहिल्यांदा जाणवलं.

गाळप हंगामात या रस्त्याने रात्रीचा प्रवास मात्र करू नका. कित्येक ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला असतो, आणि नव्वदच्या वेगात ती काळी भिंत दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आम्ही दोन्ही दिवस सूर्य मावळायच्या आत मुक्कामी होतो.

पेट्रोल कुठे भरायचं याचाही विचार करा. मराठवाड्याला पुरवठा मुख्यतः मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून होतो, आणि परभणीचा दर राज्यात कायम वरच्या रांगेत असतो. तिकडे जाणार असाल तर टाकी निघतानाच फुल करा. मागच्या आठवड्यात धाकटा एकटाच परभणीला जाऊन आला. परतल्यावर पंपावरूनच फोन केला, “दादा, सोळा पूर्णांक आठ. आणि आईला सांग, माळ गाडीतच आहे, मी काढलेली नाही.”