मागे खेळणाऱ्या पोराचा बाप

सगळ्याची सुरुवात एका प्लास्टिकच्या बॅटपासून झाली. मुलगा दोन वर्षांचा होता. कॅनडात टोरंटोजवळ मिसिसागातल्या आमच्या बेसमेंटमध्ये मी त्याला बॅट धरायला शिकवली, डावा हात वर, उजवा खाली. पुढे पाचव्या वर्षी शेजारच्या पोरांचं बघून त्याने आइस हॉकीचा हट्ट धरला, तेव्हा दुकानात हातात दिलेली स्टिकही त्याने तशीच धरली. दुकानदार म्हणाला, ‘‘राइट शॉट? छान. डिफेन्सला टाका.’’

मला ओ की ठो कळलं नाही. मी मूळचा डोंबिवलीचा. माझ्या लेखी हॉकी म्हणजे खडकीचा धनराज पिल्ले आणि त्याचे उडणारे केस. नंतर समजलं की कॅनडात बहुतेक पोरं स्टिक उलटी धरतात, उजवा हात वर आणि डावा खाली. मैदानाच्या उजव्या बाजूला उभ्या राहणाऱ्या डिफेन्समनला मात्र उजवा हात खाली असलेला बरा, कारण कडेच्या फळ्यांवरून येणारा पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, थेट स्टिकच्या सरळ बाजूवर घेता येतो. असे राइट शॉट डिफेन्समन कायम कमी पडतात, अगदी एनएचएल या इथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या संघांनासुद्धा. म्हणजे क्रिकेटवेड्या बापाने नकळत पोराला एका दुर्मीळ जागेसाठी तयार केलं होतं.

पण ही अक्कल फार उशिरा आली. पहिली तीन-चार वर्षं हाऊस लीगमध्ये, म्हणजे सगळ्यांना घेणाऱ्या स्थानिक लीगमध्ये, गेली आणि त्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पहाटे पाचला उठायचं, गाडी गरम करायची, स्केटच्या नाड्या आपल्याच बोटांवर वळ उठेपर्यंत आवळायच्या, आणि परतताना गाडीत तो वास सहन करायचा. ज्याने पावसाळ्यात आठ दिवस न वाळलेले कपडे हुंगलेत त्याला त्या वासाची साधारण कल्पना येईल. मी थर्मासमध्ये चहा न्यायचो आणि एका निळ्या वहीत दोन रकाने मांडायचो: गोल आणि असिस्ट, म्हणजे ज्यावर गोल होतो तो पास. दर रविवारी डोंबिवलीहून आईचा व्हिडिओ कॉल यायचा. ‘‘गोल केला का रे त्याने?’’ हा पहिला प्रश्न. ‘‘मातीत खेळला असता तर पडल्यावर कमी लागलं असतं’’ हे पुढचं वाक्य.

नऊ वर्षांचा असताना प्रशिक्षकाने त्याला मागे, डिफेन्सला टाकलं. मला तो अपमान वाटला. गल्लीत जो लिंबूटिंबू असतो त्याला मागे उभं करतात, हा माझा अनुभव. मी विचारायला गेलो तर तो म्हणाला, ‘‘हा पुढे जाण्यापेक्षा उलटं चांगलं स्केटिंग करतो. या वयात असं पोर माझ्याकडे दुसरं नाही.’’ मी मान डोलावली आणि वर गॅलरीत जाऊन पुन्हा ‘‘शूट! शूट!’’ ओरडू लागलो. एकदा घरी येताना पोरगा मागच्या सीटवरून म्हणाला, ‘‘बाबा, तू शूट म्हणतोस ना, ते त्यांच्या गोलीलापण ऐकू येतं.’’

त्याच्या वाटेत दुसरा धोंडा होता तो त्याच्या जन्मतारखेचा. जन्म नोव्हेंबर २००७. इथे वयोगट १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असा मोजतात. जानेवारीत जन्मलेला पोरगा दहाव्या वर्षी त्याच्याहून जवळजवळ वर्षभराने मोठा, चार बोटं उंच आणि पाच किलो जड. टोरंटो भागातल्या लीगमध्ये ए, त्यावर डबल ए आणि सर्वांत वर ट्रिपल ए अशी उतरंड असते आणि ट्रिपल एसाठी दर वसंतात निवड चाचण्या होतात. तरी बाराव्या वर्षी आम्ही गेलो. तीन दिवस बर्फावर धावून झाल्यावर त्याला एका खोलीत बोलावलं आणि दीड मिनिटात बाहेर पाठवलं. कारण काय, तर ‘अजून लहान दिसतो’. त्या क्लबचं नाव घेण्यात अर्थ नाही, त्या आठवड्यात शेकडो घरांतली पोरं अशीच बाहेर आली असतील. गाडीत त्याने हेल्मेट काढलंच नाही. जाळीआडून रडलेलं दिसत नाही असं त्याला वाटत असावं.

डबल ए संघात त्याला जो प्रशिक्षक मिळाला त्याने खरं तर मला शिकवलं. तो पालकांना बर्फाजवळ उभं करून एकच गोष्ट दाखवायचा: गॅप. समोरून फॉरवर्ड पक घेऊन सुसाट येतोय, आणि डी, म्हणजे डिफेन्समन, उलटा स्केटिंग करत मागे सरकतोय. दोघांमधलं अंतर फार ठेवलं तर पुढच्याला ब्लू लाइन, म्हणजे आपल्या बचावाच्या भागाची सीमा, ओलांडून हवं ते करायला मोकळं रान मिळतं. फार कमी ठेवलं तर तो एका झटक्यात बाजूने निघून जातो. साधारण स्टिकभर अंतर राखायचं, मधली वाट बंद करायची, आणि त्याला हळूहळू कडेच्या फळ्यांकडे ढकलत न्यायचं. ‘‘पककडे बघू नकोस, छातीकडे बघ. पक फसवतो, छाती फसवत नाही,’’ तो ओरडायचा.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी शाळेत कबड्डीच्या संघात डावा कोपरा खेळायचो. चढाईपटू आत येतो तेव्हा कोपऱ्याने मागे सरकायचं, घोट्याला हात घालायचा मोह आवरायचा, त्याला अजून एक पाऊल आत येऊ द्यायचं, आणि तो परतायला वळला की पकड. घाई केली की आपणच बाद. आमचे सर म्हणायचे, हाताकडे बघू नका, कमरेकडे बघा. चार वर्षं मी ज्या खेळाला ‘शूट’ म्हणून ओरडत होतो, त्यात माझाच पोरगा कोपरा खेळत होता आणि मला ते दिसलं नव्हतं. त्या रात्री वहीत नवे रकाने पाडले. ‘बाहेर ढकलला’, ‘पहिला पास’, ‘मान’, आणि शेवटी सगळ्यात रुंद रकाना: ‘काहीच झालं नाही’.

‘मान’ म्हणजे काय ते सांगतो. पक कोपऱ्यात जातो, डी तो आणायला मागे धावतो, पाठ सगळ्या जगाकडे. पकला हात लावण्याआधी तो मान वळवून खांद्यावरून मागे बघतो का, किती वेळा बघतो? दोनदा बघितलं तर मागून कोण येतोय आणि आपला माणूस कुठे मोकळा आहे हे कळतं, आणि पहिला पास नीट जातो. न बघता वळलं तर फळ्यांवर चेपला जातो. गॅलरीच्या कोपऱ्यात पालकांपासून लांब उभे राहणारे स्काउट हेच मोजत असतात, असं मला एका जुन्या रिंकवाल्याने सांगितलं. मीही मोजू लागलो. गोल बघायला सोपा असतो, मान मोजायला डोळे फुटतात.

त्याच प्रशिक्षकाने पोराला गृहपाठ दिला, निकलस लिडस्ट्रॉमच्या जुन्या क्लिप्स. हा स्वीडनचा गडी एनएचएलच्या १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, ५३ वा निवडला गेला. वीस हंगाम एकाच संघात, डेट्रॉइट रेड विंग्जमध्ये, १५६४ सामने, एनएचएल विजेत्याला मिळणारा स्टॅनली कप चार वेळा. सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी सात वेळा, पण पहिली मिळाली ती ३१ व्या वर्षी. मला भावला तो एक वेगळाच आकडा: सगळ्या कारकिर्दीत शिक्षा म्हणून तो बाहेर बसला ५१४ मिनिटं. सरासरी काढा, सामन्याला वीस सेकंद. ज्याचं कामच लोकांना अडवण्याचं, तो इतका सभ्य कसा? उत्तर क्लिप्समध्ये दिसतं. तो कुणाच्या अंगावर जातच नाही, स्टिक योग्य जागी ठेवतो आणि समोरचा आपणहून फळ्यांकडे वळतो. ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू सोडत राहणारा द्रविड आठवला.

रिंकवरच्या म्हाताऱ्यांना मात्र हे पटत नाही. त्यांचं दैवत बॉबी ऑर. सलग आठ नॉरिस, आणि गुणांच्या (गोल अधिक असिस्ट) यादीत दोनदा अख्ख्या लीगमध्ये पहिला, जे दुसऱ्या कुठल्याही डिफेन्समनला जमलेलं नाही. पण गुडघ्याने दगा दिला आणि ६५७ सामन्यांत, तिशीत खेळ संपला. पोराला दोघांपैकी कोण आवडतो विचारलं तर म्हणाला, ‘‘ऑर. पण लिडस्ट्रॉम मला कॉपी करता येईल.’’

२०२०-२१ चा हंगाम कोविडने गिळला. रिंक बंद, सामने नाहीत. गॅरेजच्या दारावर त्याने इतके पक मारले की त्या दाराला देवी आल्यासारखं दिसतं, अजूनही बदललेलं नाही. नेमकं तेच वर्ष त्याच्या वयोगटाला बॉडी चेकिंग सुरू होण्याचं होतं. अंगावर धडक घ्यायची कशी, हे शिकायचं वर्ष सोफ्यावर गेलं आणि पुढच्या हंगामात एकदम मिशा फुटलेली पोरं अंगावर यायला लागली. पहिल्याच महिन्यात खांदा निखळता निखळता वाचला. माझी बायको दोन सामने गॅलरीत न बसता गाडीत बसून राहिली. पण लॉकडाऊनमध्ये तो पाच इंच वाढला होता. त्या मोसमात ट्रिपल ए संघाने त्याला घेतलं. राइट शॉट होता म्हणून घेतलं हे प्रशिक्षकाने लपवलंही नाही.

खर्चाबद्दल एकच सांगतो. एका वर्षी फी, स्टिक, पेट्रोल, हॉटेलं असा हिशोब मांडला, तो चौदा हजार डॉलरच्या पुढे गेला तेव्हा बेरीज अर्धवट सोडून दिली.

मग आलं २०२२-२३, ड्राफ्टचं वर्ष. ओंटारियो हॉकी लीग (ओएचएल) ही ज्युनिअर लीग सोळाव्या वर्षात येणाऱ्या पोरांची निवड करते, २० संघ, १५ फेऱ्या, साधारण तीनशे नावं. एनएचएलपर्यंतचा इथला जुना हमरस्ता हाच. त्या हिवाळ्यात मी इंजिनिअरच्या सवयीने एक हिशोब केला. एनएचएलमध्ये ३२ संघ. सामन्याला साधारण सहा डिफेन्समन, तीन जोड्यांत. म्हणजे १९२. त्यातले उजवीकडचे ९६. सगळ्या जगासाठी ९६ खुर्च्या. हा कागद मी पोराला दाखवला नाही.

एप्रिलमध्ये निवडीची यादी घरी लॅपटॉपवर बघितली. बायकोने साबुदाण्याची खिचडी केली होती, शनिवार होता. पहिल्या फेऱ्यांत त्याचं नाव येणार नाही हे ठाऊकच होतं. आठवी, नववी. त्याच्या संघातले सात जण गेले. अकराव्या फेरीला त्याने खुर्ची मागे सारली आणि काही न बोलता बाहेर गेला. थोड्या वेळाने गॅरेजच्या दारावर पहिला ठोका ऐकू आला. मी शेवटच्या नावापर्यंत बसून राहिलो, उगीचच, आडनाव कुणी चुकीचं लिहिलं असेल या आशेने.

रात्री त्याची समजूत काढायला गेलो. मी तयारी केली होती. म्हटलं, डिफेन्समन उशिरा पिकतो. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये लिडस्ट्रॉम ५३ वा, डंकन कीथ ५४ वा, झडेनो चारा ५६ वा, तिघेही नॉरिसवाले. आणि आपल्या टोरंटोचा मार्क जिओर्डानो, त्याला तर एनएचएलने ड्राफ्टमध्ये घेतलंच नाही, मधे एक वर्ष रशियात खेळून आला आणि ३५ व्या वर्षी नॉरिस जिंकला. पोरगा शांतपणे म्हणाला, ‘‘बाबा, जिओर्डानो ओएचएलमध्ये खेळला होता.’’ माझी तयारी तिथेच संपली.

पुढची वाट ज्युनिअर ए, ओएचएलच्या खालची पायरी. तेव्हा नियम असा होता की ओएचएलमध्ये एक सामना खेळलात तरी अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद, कारण ती लीग त्यांच्या लेखी व्यावसायिक. ज्युनिअर ए खेळणाऱ्यांना ते दार उघडं. आम्ही मनाची समजूत घातली की चला, निदान एक वाट आपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संस्थेने नियम बदलला: १ ऑगस्ट २०२५ पासून ओएचएलवाल्यांनाही कॉलेज खुलं. बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या घरी मात्र सन्नाटा, कारण आता त्याच मोजक्या जागांसाठी ती तीनशे नावंही रांगेत आली. प्रशिक्षकांना अठराव्या वर्षीच्या हाडकुळ्या डीपेक्षा दोन-तीन हंगाम मुरलेला विशीतला डी हवाच असतो. मीही असतो तर तोच घेतला असता.

एका बाबतीत मात्र नोव्हेंबर कामाला आला. एनएचएलचा ड्राफ्ट १५ सप्टेंबरची तारीख धरतो, तोवर अठरा पूर्ण झालेलेच त्या वर्षी पात्र. ज्या जन्मतारखेने लहानपणी त्याला वर्गातला सर्वांत धाकटा केलं, तिनेच इथे एक जादा हंगाम दिला. त्याचा उपयोग होईल असं आम्ही कुणी धरून चाललेलो नाही. तो तिसऱ्या जोडीत उजवीकडे खेळतो, सामन्याला बारा-तेरा मिनिटं मिळतात, सोबत इंजिनिअरिंगचे अर्ज भरून झालेत.

वही अजून चालू आहे. परवा सामन्याहून येताना स्टिकची टेप शोधायला त्याने डॅशबोर्डचा कप्पा उघडला आणि ती त्याच्या हाती लागली. इतकी वर्षं त्याने ती पाहिलीच नव्हती. जुनी पानं उलटत हसत होता, मग एका ओळीवर थांबला.

‘‘हे काय? दुसरा पिरियड, उत्तम गॅप, काहीच झालं नाही?’’

‘‘होताच उत्तम. तो दहा नंबर तुझ्यासमोर थबकला आणि पक मागे देऊन गेला.’’

‘‘बाबा, गॅप कसला! माझ्या डाव्या स्केटची धार सुटली होती. मी घसरत होतो. त्याला वाटलं मी मुद्दाम थांबलोय.’’

त्याने कप्प्यातलं पेन काढलं, माझी ओळ खोडली आणि वर देवनागरीत एकच शब्द लिहिला. रविवारची मराठी शाळा हॉकीपायी सुटली होती, त्यामुळे शब्द झाला ‘नशीव’. ब च्या पोटातली रेघ ओढायला मी पेन मागितलं, तर त्याने वही मिटून कप्प्यात टाकली आणि टेप कुठे आहे ते विचारलं.