आधी तो फोकस बंद करा

डोंबिवलीच्या गच्चीवरून अमावास्येलासुद्धा मृगाचा पट्टा, व्याध आणि अशीच चार-दोन ठळक मंडळी दिसतात, बाकी सगळं भुरकट. पूर्वी यावर सोपा उपाय होता. कर्जत लोकल पकडायची आणि वांगणीला उतरायचं. खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तिथे व्हायचे, आणि मुंबईकरांपैकी कितीतरी जणांनी आकाशगंगा पहिल्यांदा तिथेच पाहिली. आता बदलापूरचे टॉवर आणि त्यांचे दिवे वांगणीकडे सरकत आलेत. म्हणून आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पौष अमावास्येला घाट चढायचाच असं जाहीर केलं. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेत. सत्तावीस नक्षत्रं त्यांना तोंडपाठ आहेत, पण प्रत्यक्ष बघायला मिळत नाहीत ही त्यांची जुनी तक्रार.

कसारा घाट, घोटी, भंडारदरा. वाटेत सांगण्यासारखं काही घडलं नाही.

सांगायचंय ते कॅम्पबद्दल. तलावाकाठी तंबूंची रांग, आणि जाहिरातीत ‘ताऱ्यांच्या छायेत एक रात्र’. सोबत आकाशगंगेचा झगझगीत फोटो, तोही धनू-वृश्चिकेकडचा. तो भाग पौषात पहाटेपर्यंत वर येत नाही, तो उन्हाळ्यातला माल! असो. अंधार पडला तशा प्रत्येक तंबूवर लुकलुकत्या माळा पेटल्या. मधोमध बांबूवर पांढराफटक एलईडी फोकस. स्पीकरवर ढॅणढॅण, बार्बेक्यूचा धूर. अण्णा खुर्ची उलटी फिरवून, कपाळावर हात आडवा धरून वर बघत बसले होते. भर दुपारी लांबची एसटी बघावी तसे.

शेवटी उठून मॅनेजरकडे गेले. “दादा, तेवढा फोकस अर्धा तास बंद करता का?”

“काका, बंद केला की फॅमिलीवाले ओरडतात. आणि बिबट्याचंही आहे ना इकडे.”

“मग तारे कधी दाखवणार?”

“टेलिस्कोप येणारे ना साडेअकराला.”

टेलिस्कोप काय फोकसच्या उजेडात लावणार होते? डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एका झगमगाटात सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तर आकाश बघणारे लाल कागद लावलेली बॅटरी वापरतात. त्यात हे पांढरे एलईडी. त्यांच्यातला निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, त्यामुळे जुन्या पिवळ्या सोडियमच्या दिव्यांपेक्षा हेच आकाश जास्त धुऊन काढतात. हे मी कोणाला सांगत होते? मॅनेजर केव्हाच पनीर उलटायला गेला होता. पैसे परत मिळणार नव्हतेच.

ताटं उचलणारा एक पोरगा मात्र हळूच म्हणाला, “ताई, साम्रदला माझ्या मावशीकडं जा. तिथं काहीच नाय.”

इतकी खरी जाहिरात त्या दिवसात दुसरी ऐकली नव्हती. रतनवाडीच्या पुढे, वळणावळणाने, हेडलाइटपलीकडे काही दिसत नाही अशा रस्त्याने साम्रद गाठलं. मावशींच्या दारावर एकच बल्ब होता. आम्ही का आलोय ते कळल्यावर त्यांनी आपणहून तो घालवला आणि अंगणात गोधड्या टाकल्या.

पहिली दहा मिनिटं नुसतीच थंडी. मग अण्णांना कृत्तिका दिसल्या. आधी सहा म्हणाले, मग “थांब, सात.” वायव्येकडे उतरत असलेला देवयानी दीर्घिकेचा फिका ठिपका मी त्यांना नजर जरा बाजूला ठेवून बघायला लावला. तिथून निघालेला प्रकाश साधारण २५ लाख वर्षं वाटेत होता. अण्णा म्हणाले, “आपल्या कल्याण फास्टपेक्षा बरा म्हणायचा, पोचला तरी.”

दहाच्या सुमारास ईशान्येला डोंगरावर सप्तर्षींचे चारच तारे आले. मावशी चुलीपाशी सगळं आवरून बाहेर आल्या होत्या. “ती म्हातारीची बाज. तीन चोर मागनं येत्यात.” चोर म्हणजे शेपटीचे तीन तारे, अजून डोंगराखाली. हे अण्णांच्या पंचांगात नव्हतं. त्यानंतर दर पाच मिनिटांनी “आला का गं चोर?” अकराच्या आत तिन्ही आले. तोवर दक्षिणेला अगस्त्य चांगलाच वर चढला होता आणि मृगाच्या बाजूने आकाशगंगेचा पुसट पट्टा गेला होता. फोटोतल्यासारखा मुळीच नाही, पण होता. पश्चिमेला कड्यांच्या पलीकडे मात्र पिवळट उजेड होताच. आमचंच कल्याण-ठाणं.

सकाळी नाचणीची भाकरी खाताना मावशींनी खुशीत सांगितलं की ग्रामपंचायत त्यांच्या दारापुढे खांब बसवणार आहे. मला नाही म्हणवेना. रात्री गोठ्यात त्यांनाच जावं लागतं, बिबट्या त्यांच्याच दारात येतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाची गोष्ट तेवढी सांगितली. जानेवारी २०२४ मध्ये तिथे देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, जाहीर झालं, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे काढले नाहीत, फक्त खाली तोंड करणारे बसवले.

मावशींनी ऐकून घेतलं. “तोंड कुठंबी करू दे,” म्हणाल्या, “बटण माझ्या घरात पाहिजे.”

अण्णांनी लगेच ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज लिहायला घेतला.