बी वाटेतच पडत नाही का?

दूरच्या बेटांवरची कितीतरी झाडं पक्ष्यांनी नेली, असं निसर्गफेरीत सांगितलं की कुणीतरी हटकून विचारतंच, "अहो, पण पक्षी उडता उडताच शिटतो. मग बी वाटेतच समुद्रात पडत नाही का?"

पडते. बहुतेक वेळा तेच होतं. बुलबुलाने फळ गिळलं की बी साधारण तासाभरात बाहेर येते, आणि बुलबुल काही समुद्र ओलांडायला निघत नाही. रसाळ फळं खाणाऱ्यांना आपण या बाबतीत जरा जास्तच श्रेय देतो, असं माझं मत आहे. मला जास्त भरवसा वाटतो तो चिखल तुडवणाऱ्यांचा आणि मिळेल ते खाणाऱ्यांचा.

किलडिअर हा अमेरिकेतला चिखल्या. त्याला बिया खाऊ घालून केलेला एक प्रयोग 1968 साली प्रसिद्ध झाला. काही बिया तब्बल 340 तासांनी बाहेर पडल्या आणि तरीही रुजल्या. म्हणजे चौदा दिवस! दाणे दळायला पक्षी खडे गिळतो, ते पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या पिशवीत, साठतात; टणक बीही त्यांच्यातच अडकून बसते. आता आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उतरणारा सोनेरी चिखल्या घ्या. त्याचेच भाऊबंद अलास्काहून मध्ये कुठेही न थांबता तीन-चार दिवसांत हवाई बेटं गाठतात. वेळेचा हिशोब सहज बसतो. शिवाय हे रोज घडायची गरजच नाही. हवाईसारख्या बेटांना लाखो वर्षं मिळाली आहेत. हजारो वर्षांतून एखादी बी लागली तरी पुष्कळ झालं.

पोटाबाहेरूनही प्रवास होतो. डार्विनकडे एका तित्तिराचा पाय आला होता, त्याला साडेसहा औंसांचा, म्हणजे पावकिलोपेक्षा थोडा कमी, मातीचा गोळा चिकटलेला. माती तीन वर्षं तशीच पडून होती. ती फोडून, पाणी घालून काचेच्या हंडीखाली ठेवली, तर 82 रोपं उगवली. (तो तित्तिर जखमी होता, त्याला उडताच येत नव्हतं, ही गोष्ट आपण सांगताना सोयीस्करपणे गाळतो.)

हे सगळं डोळ्यांदेखत घडलं ते आइसलँडच्या दक्षिणेला, सुर्टसे बेटावर. नोव्हेंबर 1963 मध्ये समुद्रातून ज्वालामुखी वर आला आणि कोरं करकरीत बेट तयार झालं. शास्त्रज्ञांनी ते पहिल्यापासून राखलं. पर्यटकांना बंदी. माणसाच्या विष्ठेतून एकदा टोमॅटोचं रोप उगवलं, तेही उपटून टाकलं! 1965 साली पहिलं फुलझाड आलं ते लाटांवरून. पुढे आणखी आली, पण काळ्या वाळूत आणि लाव्ह्यात खायला काही नाही; कित्येक आली तशी गेली. वीस वर्षं बेट जवळजवळ उघडंबोडकंच होतं.

मग 1986 च्या सुमाराला कुरवांनी तिथे वसाहत केली. कुरव म्हणजे आपल्या जेट्टीवर मासळीसाठी भांडतात तेच. त्यांच्या विष्ठेतून, ओकलेल्या गोळ्यांतून बिया आल्या. त्यांतल्या पुष्कळ झाडांच्या बियांना ना गर, ना पंख, ना चिकटायला काटे. पण माझ्या लेखी मोठं काम पुढचं. त्याच विष्ठेने मातीला नत्र मिळालं. घरट्यांभोवती गवत माजलं, गवतात किडे आले, किड्यांमागे दुसरे पक्षी. 2004 पर्यंत बेटावर साठेक जातींच्या वनस्पती नोंदवल्या गेल्या होत्या. नुसती बी टाकून पक्षी निघून गेला असता, तर यातलं फारसं टिकलं नसतं. तो तिथे राहिला, वर्षानुवर्षं शिटत राहिला, म्हणून जमलं.

यानंतर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "आणि नारळ?" नारळ समुद्र नेतो. तो कुठल्या पक्ष्याच्या बापालाही उचलायचा नाही.