तुम्ही विचारलंत म्हणून: ग्नोमवर एक्स्टेन्शन्स कोणती टाकू?

लिनक्स वापरते म्हटलं की पहिला प्रश्न असतो कुठलं डिस्ट्रो (उबंटू, फेडोरा, लिनक्सचा कुठला अवतार), आणि दुसरा लगेच, एक्स्टेन्शन्स (डेस्कटॉपला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) कोणती टाकलीयत, यादी पाठव ना. कधी सोबत स्क्रीनशॉटही येतो, खाली मॅकसारखा डॉक, वरची पट्टी काचेसारखी धूसर, कोपऱ्यात सीपीयूचं तापमान, आणि एवढं सगळं असूनही प्रश्न काय, तर अजून काय टाकू? यादी देते, लपवण्यासारखं काही नाहीये, पण नुसती यादी उचलून सगळं टाकत सुटलात तर पुढच्या अपग्रेडला शिव्या मलाच पडणार, म्हणून आधी थोडं बोलते. हे सगळं ग्नोम नावाच्या डेस्कटॉपबद्दल आहे, म्हणजे खिडक्या, पट्ट्या, मेनू दाखवणारा लिनक्सचा दर्शनी भाग, कारण उबंटू किंवा फेडोरा टाकलंत की समोर येतं ते हेच, आणि एक्स्टेन्शन्सची भूकही सगळ्यात जास्त इथेच लागते.

भूक का लागते, तर 2011 च्या एप्रिलमध्ये ग्नोम 3 आलं तेव्हा त्यांनी घरातलं अर्धं सामान बाहेर काढलं. खालचा टास्कबार गेला, खिडकीवरचं मिनिमाइजचं बटण गेलं, डॉक (ॲप्सच्या आयकॉनची पट्टी) उरला पण तो ओव्हरव्ह्यू (सगळ्या उघड्या खिडक्या एकत्र दाखवणारा पडदा) उघडल्यावरच दिसणार. पुढे 2017 मध्ये 3.26 ला कोपऱ्यातला सिस्टम ट्रेसुद्धा (मागे चालू असलेल्या ॲप्सचे आयकॉन जिथे दिसतात तो) काढला. मात्र शेलचा, म्हणजे पट्टी, ओव्हरव्ह्यू वगैरे दाखवणाऱ्या ग्नोमच्या मुख्य प्रोग्रॅमचा, बराचसा भाग जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला असल्यामुळे बाहेरच्या माणसाला त्यात हात घालून जे हवं ते परत लावता येतं, आणि 2011 च्या अखेरीला तर त्यांनी स्वतःच एक्स्टेन्शन्ससाठी वेबसाइट काढली. (मिनिमाइजच्या बटणाला एक्स्टेन्शन लागत नाही बरं का, ट्वीक्स नावाच्या ॲपमध्ये एक स्विच आहे. बरेच जण त्यासाठीही एक्स्टेन्शन शोधत बसतात.)

आता मुद्द्याचं. एक्स्टेन्शन म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर ब्राउझरमधलं येतं, जे टाकताना परवानगी विचारली जाते आणि बिघडलंच तर एक टॅब मरतो. इथे तसलं काही नाही. ग्नोमचं एक्स्टेन्शन थेट शेलच्या प्रोसेसमध्ये चालतं, त्याला वेगळी भिंत नाही, परवानग्यांची यादी नाही, तुमच्या अकाउंटला जे करता येतं ते सगळं त्यालाही करता येतं. आणि वेलँडवर (स्क्रीनवर चित्र आणायची नवी पद्धत, जुनी म्हणजे एक्स-इलेव्हन) हीच प्रोसेस तुमच्या सगळ्या खिडक्या स्क्रीनवर आणते. म्हणजे साधी एरर आली तर ते एकटं एक्स्टेन्शन बंद पडतं, तिथवर ठीक, पण कोणी कोड असा लिहिला की तो एखाद्या लूपमध्ये अडकून बसला, तर घड्याळापासून टायपिंगपर्यंत अख्खा डेस्कटॉप त्याच्यासोबत थांबतो, आणि शेलच क्रॅश झालं तर सेशन जातं, उघडी असलेली कामं जातात. जुन्या एक्स-इलेव्हनवर ऑल्ट एफ-टू दाबून नुसतं आर टाइप केलं की शेल रीस्टार्ट व्हायचं आणि खिडक्या जागच्या जागी राहायच्या. वेलँडवर ते नाही, लॉगआउट करा आणि परत या. आणि 2025 च्या ग्नोम 49 पासून एक्स-इलेव्हनचं सेशन मुळातच बंद करून येतं, त्यामुळे त्या जुन्या युक्तीवर फार विसंबू नका.

वेबसाइटवर चढण्याआधी प्रत्येक एक्स्टेन्शनचा कोड कोणीतरी स्वयंसेवक वाचून पास करतो. कोड मुद्दाम गुंतागुंतीचा करून लपवलेला चालत नाही, आणि बंद केल्यावर एक्स्टेन्शनने आपण केलेले सगळे बदल परत घ्यायचे असा नियम आहे. ही चाळणी चांगली आहे, पण ती कोड वाचण्यापुरती, तुमच्या मशीनवर इतर दहा एक्स्टेन्शन्ससोबत ते कसं वागेल हे तिथे कोण बघणार.

म्हणून माझी एकच कसोटी आहे: सगळी एक्स्टेन्शन्स एका झटक्यात बंद केली तरी त्या दिवशीचं काम अडता कामा नये. चिडचिड होईल, चालेल. पण हात अडला, अमुक ॲप उघडायचं कसं तेच आठवेना, म्हणजे तुम्ही कोणाच्या तरी फावल्या वेळातल्या कोडवर तुमचं अख्खं काम टांगून ठेवलंय. हे करून बघणं सोपं आहे, ग्नोमच्या एक्स्टेन्शन्स ॲपमध्ये एक मोठा स्विच असतो, तो बंद केला की सगळी एकदम झोपतात.

तर आता यादी. पहिलं ॲपइंडिकेटर, आणि हे मी कुणालाही डोळे झाकून सांगते. ट्रे काढला खरा, पण ॲप्सना ते कोणी सांगितलंच नाही. चॅटचं ॲप, क्लाउड सिंकचं ॲप, व्हीपीएन, यांची खिडकी बंद केली तरी ती मागे चालू राहतात आणि आपला आयकॉन ट्रेमध्ये ठेवायला जातात, आणि ट्रेच नसल्यामुळे ते ॲप चालू आहे की मेलंय हेच कळत नाही. लोक म्हणतात ॲप बंदच होत नाही, किंवा परत उघडलं तर उघडत नाही. ॲपइंडिकेटर टाकलं की आयकॉन वरच्या पट्टीत येतो, राइट क्लिक करून क्विट म्हणा, संपलं. उबंटूवाले हे आपल्याकडून लावूनच देतात, फेडोरावर स्वतः टाकावं लागतं.

दुसरं कॅफीन. वरच्या पट्टीच्या कोपऱ्यातून उघडणाऱ्या क्विक सेटिंग्ज मेनूमध्ये कपाचं चिन्ह येतं, दाबलं की स्क्रीन झोपत नाही. दिसायला किरकोळ, पण प्रेझेंटेशन देताना किंवा मोठं डाउनलोड लावून ठेवताना दर वेळी पॉवर सेटिंगमध्ये जाऊन वेळ वाढवायची आणि नंतर ती परत कमी करायला विसरायचं, ही कटकट जाते. अमुक ॲप चालू असेल तेव्हा आपोआप चालू हो असंही सांगता येतं.

क्लिपबोर्ड इंडिकेटर सगळेच टाकतात, मीही टाकते, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही जे जे कॉपी करता ते त्याच्या इतिहासात जातं, म्हणजे पासवर्ड मॅनेजरमधून कॉपी केलेला पासवर्डसुद्धा, आणि तो इतिहास डिस्कवर साध्या फाइलमध्ये पडून असतो. त्याच्यात प्रायव्हेट मोड आहे, तेवढ्यापुरता चालू करा, आणि इतिहासाची लांबी कमी ठेवा. पन्नास ओळींपूर्वी काय कॉपी केलं होतं ते कोणाला हवंय?

फोनसाठी जीएसकनेक्ट. हे केडीई कनेक्टचंच (केडीई म्हणजे लिनक्सचा दुसरा मोठा डेस्कटॉप) ग्नोमसाठी लिहिलेलं रूप, फोनवर केडीई कनेक्टचं ॲप टाकायचं, दोन्ही एकाच नेटवर्कवर हवेत. फाइल पाठवणं, फोनचं नोटिफिकेशन स्क्रीनवर बघणं, कॉपी केलेलं इकडचं तिकडे, सगळं जमतं. जोडणी होतच नसेल तर नव्वद टक्के वेळा फायरवॉल असते, 1714 ते 1764 हे पोर्ट उघडा, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, मग बघा.

खिडक्या चार कोपऱ्यांत लावायच्या असतील तर टायलिंग असिस्टंट, कारण ग्नोम आपणहून फक्त डावी-उजवी अर्धी स्क्रीन देतं. डॉक कायम दिसायला हवा तर डॅश टू डॉक, विंडोजसारखी खालची पट्टी हवी तर डॅश टू पॅनल, दोन्ही एकत्र नको. उबंटूवर असाल तर थांबा, तुमच्याकडे जो डॉक आहे तो डॅश टू डॉकचाच फोर्क (त्याच्याच कोडवरून काढलेली वेगळी आवृत्ती) आहे, 2017 च्या 17.10 पासून. आधी सेटिंग्जमधले पर्याय बघा, हवं ते बहुतेक तिथेच सापडेल. आणि ज्यांना वस्तू लावण्यापेक्षा काढायच्या आहेत त्यांच्यासाठी जस्ट परफेक्शन, वरच्या पट्टीतलं हे लपव ते लपव, ॲनिमेशनचा वेग वाढव, एवढंच काम, पण त्या एकामुळे तीनचार छोटी एक्स्टेन्शन्स वाचतात.

धूसर काच, जळत बंद होणाऱ्या खिडक्या वगैरे दिखाऊ प्रकारांबद्दल माझं मत विचाराल तर हौस म्हणून दोन दिवस लावा. बर्न माय विंडोज बघताना मजा येते हे कबूल, पण दिवसातून साठ वेळा खिडकी बंद करणाऱ्या माणसाला साठाव्या वेळी त्या ज्वाळा नको होतात. धूसर काच लावणारं ब्लर माय शेल जुन्या ग्राफिक्सवर जाणवतं, ओव्हरव्ह्यू उघडताना अडखळतो, आणि तो अडखळला की लोक लिनक्सलाच नावं ठेवतात. सीपीयूचं तापमान दाखवणारं व्हायटल्स चांगलं आहे, फक्त दर सेकंदाला आकडे बदलताना बघून तुम्ही नक्की काय करणार आहात ते आधी ठरवा.

जुन्या याद्या बघून टाकू नका हेही सांगायचंय. एक्स्टेन्शनमधली चांगली कल्पना कालांतराने शेलमध्येच येते. आवाज हेडफोनला की स्पीकरला हे निवडायला आधी एक्स्टेन्शन लागायचं, 2022 च्या ग्नोम 43 पासून ते क्विक सेटिंग्जमध्येच आहे. ब्लूटूथचं उपकरण मेनूतून थेट जोडणं 44 ला आलं, स्क्रीन रेकॉर्डिंगसकट नवा स्क्रीनशॉट 42 ला, ॲक्सेंट रंग 47 ला, बॅटरीचं चार्जिंग ऐंशी टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय 48 ला (लॅपटॉपची साथ हवी). यातल्या कशासाठीही आज एक्स्टेन्शन टाकत असाल तर उगाच टाकताय. मी तर अपग्रेड झाल्यावर आधी हेच बघते, की आता काढून काय टाकता येईल.

आणि अपग्रेड. ग्नोम दर सहा महिन्यांनी येतं, मार्च आणि सप्टेंबर. प्रत्येक एक्स्टेन्शनच्या फोल्डरमध्ये मेटाडेटाची एक छोटी फाइल असते, तिच्यात आपण कुठल्या शेल व्हर्जनवर चालतो त्याचे आकडे लिहिलेले असतात, समजा 45, 46, 47. तुम्ही 48 वर गेलात आणि लेखकाने तो आकडा घातलेला नाही, की एक्स्टेन्शन बंद. कधी कधी कोडला काहीही झालेलं नसतं, नुसता आकडा घालायचा राहिलेला असतो, आणि कधी खरोखरच सगळं मोडलेलं असतं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये ग्नोम 45 आलं तेव्हा जावास्क्रिप्टचे मॉड्यूल जोडण्याची पद्धतच बदलली आणि जुनं एकही एक्स्टेन्शन आहे तसं चाललं नाही, प्रत्येक लेखकाला बसून कोड बदलावा लागला, ज्यांना वेळ नव्हता त्यांची तिथेच थांबली. व्हर्जनची तपासणी बंद करायची एक छुपी सेटिंग आहे, पण ती सगळ्या एक्स्टेन्शन्सना एकदम लागू होते, त्यामुळे एकासाठी दार उघडलंत तर मोडकी पण आत येतात.

त्यापेक्षा एक्स्टेन्शन मॅनेजर नावाचं ॲप फ्लॅटहबवरून (लिनक्सचं एक ॲप स्टोअर) घ्या, ग्नोमचं स्वतःचं ॲप वेगळं आणि हे वेगळं. याच्यातून ब्राउझर न उघडता शोधता येतं, टाकता येतं, आणि त्यात अपग्रेड असिस्टंट आहे, पुढच्या व्हर्जनवर तुमच्यातली कोणती चालतील कोणती नाही ते आधीच सांगतो. ज्यांना दर सहा महिन्यांची ही धावपळ नकोच त्यांनी उबंटूचं एलटीएस (वर्षानुवर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती) धरावं, 24.04 मध्ये ग्नोम 46 आहे आणि ते तिथेच राहतं. अजून एक सुरक्षित गट म्हणजे ग्नोमवाले स्वतः काढतात ती मोजकी एक्स्टेन्शन्स, पेनड्राइव्हचा मेनू, ठरावीक ॲप ठरावीक वर्कस्पेसवर (एकाच स्क्रीनवरचे वेगवेगळे आभासी डेस्कटॉप) उघडणारं ऑटो मूव्ह विंडोज वगैरे. ती शेलसोबतच रिलीज होतात, मागे पडत नाहीत, दिसायला रुक्ष म्हणून कोणी नाव घेत नाही एवढंच.

बिघाड झाला तर एकेक बंद करत बसू नका, अर्धी बंद करा. त्रास गेला तर दोषी त्या अर्ध्यात, नाही गेला तर उरलेल्यात, मग परत अर्धी. कधी लॉगिन केल्या केल्या शेल क्रॅश होतं आणि परत आत गेलात की सगळीच्या सगळी एक्स्टेन्शन्स गायब दिसतात, तेव्हा घाबरून पुन्हा टाकायला घेऊ नका, सिस्टमने तो मोठा स्विच बंद केलेला असतो, बाकी सगळं जागेवर असतं. फक्त स्विच चालू करण्याआधी शेवटी टाकलेलं एक्स्टेन्शन काढा.

केडीईवाले विचारतात आमचं काय. तुमच्याकडे यातलं बरंचसं मुळातच सेटिंग्जमध्ये आहे, ट्रे आहे, क्लिपबोर्डचा इतिहास आहे, कोपऱ्यातल्या खिडक्या आहेत, त्यामुळे तुमचा प्रश्न काय टाकू हा नसून कुठली सेटिंग कुठे लपलीय हा असतो. सिनॅमन हा आणखी एक डेस्कटॉप मुळात ग्नोम शेलचाच फोर्क, पण त्याला जोडायची ॲपलेट आणि डेस्कलेट वेगळी, इकडची यादी तिकडे चालत नाही.

राहिला नवीन मशीनचा प्रश्न. एक्स्टेन्शन्सच्या सेटिंग्ज डीकॉन्फमध्ये (ग्नोमच्या सगळ्या सेटिंग्जचा साठा) असतात, तिथला शेलच्या एक्स्टेन्शन्सचा भाग एका कमांडने टेक्स्ट फाइलमध्ये काढता येतो आणि दुसऱ्या मशीनवर तसाच भरता येतो. त्या फाइलमध्ये फक्त सेटिंग्ज येतात, एक्स्टेन्शन्स नाही, ती होम फोल्डरमधल्या लपलेल्या डॉट-लोकलच्या आत असतात आणि ती कॉपी करण्यापेक्षा नव्याने टाकलेली बरी, कारण नवीन मशीनवरचं शेल बहुधा वेगळ्या व्हर्जनचं असणार.