यामाटोवरून झालेलं भांडण

कुडाळच्या माझ्या वाचा-उपचाराच्या क्लिनिकात येणारे म्हणजे तोतरी मुलं, अर्धांगवायूनंतर शब्द हरवलेले आजोबा आणि घसा बसलेल्या शिक्षिका. आवाज बाईसारखा हवा म्हणून येणारं क्वचितच. ही ट्रान्स मुलगी आली मालवणहून. घरच्या होमस्टेचं बुकिंग ती फोनवर घेते आणि पलीकडचा माणूस हमखास विचारतो, "दादा, एसी रूम आहे का?" समोर आलेली माणसं ताई म्हणतात. फोनवर कुर्ता दिसत नाही.

एका डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की हार्मोन सुरू झाले की आवाज आपोआप बारीक होईल. होत नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉनने स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. इस्ट्रोजेन घेऊन ते मागे फिरत नाहीत. ही साधी गोष्ट नीट सांगितली असती, तर तिचं वाट पाहण्यात गेलेलं वर्ष वाचलं असतं.

माझा दुसरा राग मोबाइलमधल्या अ‍ॅपवर. ती फक्त सूर मोजतात. पुरुष साधारण 100 ते 130 हर्ट्‌झला बोलतात, बायका 180 ते 220 ला. मग पोरी त्या रेघेच्या वर जायला घसा आवळतात आणि ऐकणाऱ्याला पुरुषाने काढलेला बारीक आवाजच ऐकू येतो. बरंचसं काम घुमाऱ्याचं असतं, म्हणजे आवाज घशात-तोंडात कसा घुमतो त्याचं. आवंढा गिळताना स्वरयंत्र वर सरकतं, गळ्यावर बोट ठेवलं की कळतं. त्यातलं थोडंसं वर धरायला शिकवायचं, घसा न आवळता. जीभ जरा पुढे. आणि सराव आधी नुसत्या कुजबुजीत, कारण कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, सूर नसतोच. कानावर येतो तो फक्त घुमारा. कुजबुज बाईची झाली की मग त्यात सूर घालायचा. हा क्रम मी कुणाला घाईने उरकू देत नाही.

तिला हे समजावायला मला फार वेळ लागला नाही, कारण ती अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका बघते, तेही जपानीतूनच. 'वन पीस' मालिकेतल्या लुफी या पोराला 1999 पासून मायुमी तनाका आवाज देतात, नारुतोला जुन्को ताकेउची. दोघी बायका. "मॅडम, तरी पोरगाच वाटतो ना?" वाटतो खरा. माझ्याकडे येणाऱ्या डॉक्टरांपेक्षा तिचा कान तयार होता.

अडचण वेगळीच होती. खोलीत वाचून दाखवताना आवाज छान. राग आला, हसू आलं की सगळं खाली. हे सगळ्यांचंच होतं. राग आणायचा व्यायाम कुठल्या पुस्तकात नाही.

त्या दिवशी तिचा धाकटा भाऊ आत येऊन बसला. मी प्रातमध्ये रेकॉर्डिंग चालू केलं होतं. प्रात म्हणजे अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं फुकट सॉफ्टवेअर, माझ्या क्लिनिकातली एकमेव जागतिक दर्जाची वस्तू. विषय निघाला यामाटोचा. 'वन पीस'मधल्या कायडो या खलनायकाचं हे अपत्य ओडेन नावाच्या सामुराईला इतकं मानतं की मी ओडेनच, म्हणून मी पुरुष, असं सांगतं. बापही त्याला मुलगा म्हणतो. अधिकृत माहितीकार्डावर मात्र स्त्री छापलंय. यावरून जगभरचे चाहते भांडतात. आता कुडाळही त्यात आलं.

"कार्डार लिवलेला आसा, चेडूच ता!" भाऊ म्हणाला.

"तो सोता काय सांगता ता बघ मरे!"

"लेखकाक जास्त कळता काय तुका?"

"आधारार माझ्यार काय लिवला हा? दाखवू? मगे तू माका ताई कित्याक म्हणतस?"

भाऊ म्हणाला, "ताचा वेगळा." कसं वेगळं, ते त्याला सांगता येईना. मलाही मध्ये पडून सांगता आलं नसतं. पोरगा वाईट नाही. आईच्या आधी तो तिला ताई म्हणायला लागला.

मी पडद्याकडे बघत होते. ती चिडली होती, मालवणीत होती, सरावाचं भान नव्हतं, आणि सूर 175 च्या आसपास टिकून होता. घुमाराही सुटला नव्हता. मग भावाला पटवायला तिने यामाटोचं वाक्य त्याच्या ढंगात म्हणून दाखवलं. सूर 125 ला आला, छातीत घुमला. पुढच्या वाक्याला ती परत वर, ना खोकला, ना अडखळ.

यामाटोला आवाज देतात साओरी हायामी, म्हणजे बाईच. स्वतःला पुरुष म्हणणाऱ्या यामाटोला बाईने दिलेला आवाज, आणि त्याची नक्कल करायला हिने काढला स्वतःचा जुना आवाज, जो खोलीत आणायचाच नाही असं आम्ही ठरवलं होतं. जुना आवाज तोडायचा, हे मी शिकले होते आणि शिकवतही होते. इथे तो कामाला आला, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

जाताना मी विचारलं, कुठल्या पात्रासारखा आवाज आवडेल? 2018 च्या 'झोंबी लँड सागा'मधल्या लिली या ट्रान्स मुलीचं नाव तिने घेतलं आणि लगेच खोडलं. "ती बारा वर्षांची. आवाज फुटायच्या आतच मेली. सुटली." हसत म्हणाली. अशा वाक्यावर थांबून सरळ विचारायचं, हा आमचा नियम, मी विचारलं. "नाही हो मॅडम, मरायचं असतं तर एसटीने इथपर्यंत कशाला आले असते?"

अहवालाच्या छापील फॉर्मवर 'लक्ष्य सूर' असा एकच रकाना आहे. पुढच्या वेळी यामाटो मुद्दाम करायला लावणार आहे, फोनवरच्या चिडक्या गिऱ्हाइकाच्या सरावाच्या मधोमध. तो उपचार की गंमत, ते अजून ठरत नाही, आणि रकान्यात किती हर्ट्‌झ लिहायचे तेही.