शिबिर झालं, फोटो झाले, आता सेल कुठून आणायचा?

३ मार्च आला की माझ्या व्हॉट्सॲपवर एकाच छापाचे फोटो यायला लागतात. जागतिक श्रवण दिन. मागं फ्लेक्स, पुढं खुर्च्यांवर रांगेत बसलेले आजी-आजोबा, प्रत्येकाच्या कानात ऐकायचं नवंकोरं मशीन आणि पाहुण्यांचा हात कुणातरी आजोबांच्या कानापाशी. मला कुणाच्या कामाला नावं ठेवायची नाहीयेत, अशा फोटोंमध्ये कोपऱ्यात मी पण उभी असतेच. पण ऑडिओलॉजिस्ट म्हणून, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणारी म्हणून, जत, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात फिरायला लागल्यापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीये की मशीन वाटणं हा या सगळ्या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. पैसे उभे राहतात, माणसं जमतात, भाषणं होतात, जेवण होतं, संपलं. सहा महिन्यांनी ते मशीन कानावर आहे का ट्रंकेत आहे हे बघायला कोण जातं?

आणि ती तारीख पण बघा ना. मार्चच्या सुरुवातीला आमच्या भागातली किती कुटुंबं गावात असतात? ऊसतोडीला गेलेली माणसं अजून कारखान्यावर, कोप्यांमध्ये, म्हणजे तिथल्या झोपड्यांमध्ये. लहान पोरं पण त्यांच्यासोबत तिकडंच. म्हणजे ज्यांचे कान सगळ्यात जास्त वाहतात ती पोरं शिबिराच्या दिवशी गावात नसतातच, आणि मे महिन्यात ती परत येतात तेव्हा आमचा फ्लेक्स कधीच उतरलेला असतो. धनगर वाड्यांचं पण तसंच, मेंढरं घेऊन माणसं बाहेर असतात. मी दोन-तीन संस्थांना म्हटलं, अहो मे-जूनमध्ये घ्या, पाऊस लागायच्या आधी. तर म्हणे, मॅडम दिन मार्चमध्ये असतो.

बरं, आता सेलचं सांगते, कारण हे शहरातल्या लोकांना माहीतच नसतं.

कानामागं लावायचं जे मशीन असतं त्याला बटण सेल लागतो, १३ नंबरचा किंवा ६७५ नंबरचा. हा सेल हवेवर चालतो. त्याच्यावर एक रंगीत स्टिकर असतं, ते काढलं की हवा आत जाते आणि सेल सुरू होतो, मग मशीन लावा नाहीतर नका लावू तो उतरायला लागतो, स्टिकर परत चिकटवून फारसा उपयोग होत नाही. एका आजींनी मला सहाच्या सहा सेल दाखवले, सगळ्यांची स्टिकरं व्यवस्थित सोलून डबीत ठेवलेले, म्हणजे घाईच्या वेळी धांदल नको. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. दिवसभर मशीन घातलं तर एक सेल साधारण आठवडा-दोन आठवडे जातो, मशीन जेवढं जास्त पॉवरचं तेवढा लवकर संपतो. गावातल्या दुकानात हा सेल मिळत नाही. तालुक्याला पण कधी मिळतो कधी नाही, मिळालाच तर घड्याळाचा सेल गळ्यात मारतात, तो बसतच नाही. मग मिरजेला जाणार कोण. एका सेलच्या पानापायी एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी.

म्हणून मला ते जुनं खिशातलं मशीन अजून आवडतं. वायरवालं, शर्टाच्या खिशात ठेवायचं. आवाजाची क्वालिटी कमी, कपड्याची घासघास ऐकू येते, तरुण पोरं तर हात लावत नाहीत, सगळं मान्य. पण त्याला साधा पेन्सिल सेल लागतो. किराणा दुकानात, पानटपरीवर, कुठंही मिळतो. आणि बटणं मोठी असल्यामुळं कापणाऱ्या हातांनी पण फिरवता येतात. शहरातले माझे बॅचमेट हसतात मला, अजून पॉकेट मॉडेल देतेस? देते. ऐंशीच्या आजोबांना चालू राहील असं मशीन देते.

दुसरी भानगड मोल्डची, म्हणजे मशीनचा आवाज आत नेणारा जो साचा कानात बसतो त्याची. प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा, त्यामुळं कानात मटेरियल भरून माप घ्यायचं, ते लॅबला पाठवायचं, मोल्ड करून आणायचा, मग परत जाऊन बसवायचा. शिबिरात एवढा वेळ नसतो म्हणून तयार रबरी टोपी लावून देतात, मोठ्या पॉवरच्या मशीनला ती सैल झाली की आवाज बाहेर गळतो आणि मशीन शिट्टी मारतं. शिट्टी मारली की घरातले वैतागतात, सून म्हणते बंद करा ते, आणि गेलं मशीन ट्रंकेत. "म्हातारीला मशीन दिलंय वो, पर ती घालीतच न्हाई," हे वाक्य मी इतक्या मुलांकडून ऐकलंय! म्हातारी घालत नाही कारण ते नीट बसवलेलंच नाही. आणि वर्षानुवर्षं शांततेत राहिलेल्या माणसाला एकदम भांड्यांचा आवाज, कुकरची शिट्टी, पंखा, सगळं अंगावर येतं. पहिले काही दिवस घरातल्या घरात तास-दोन तास, एका माणसाशी बोलताना, मग हळूहळू बाहेर, असं करावं लागतं. हे सांगायला आणि पंधरा दिवसांनी परत आवाज सेट करून द्यायला माणूस लागतो, आणि शिबिराच्या बजेटमध्ये तो माणूस कधीच नसतो.

सरकारी योजना नाहीत असं नाही. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळतात, कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीची येतात, ती अगदी वाईट नसतात, उगाच नावं ठेवू नयेत. राज्यानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली, ६५ च्या वरच्यांना खात्यावर ३००० रुपये, त्यातून चष्मा, काठी, श्रवणयंत्र काय हवं ते घ्या. पैसे थेट खात्यावर येतात हे चांगलंच आहे. पण ३००० मध्ये तपासून सेट केलेलं डिजिटल मशीन येत नाही, येतो तो ऑनलाइनचा आवाज वाढवायचा डबा, जो सगळंच सारखं मोठं करतो. ज्याला बारीक आवाज ऐकू येत नाहीत पण मोठे आवाज बोचतात अशा माणसाला तो डबा म्हणजे शिक्षाच, कानठळ्या बसतात नुसत्या.

पण खरं सांगू का, मशीन ही फार पुढची गोष्ट आहे. शिबिराला "ऐकू येत नाही" म्हणून आलेल्यांच्या कानात दुर्बिणीनं, म्हणजे ऑटोस्कोपनं, बघितलं की कितीतरी जणांच्या कानात नुसता मळ असतो, दगडासारखा झालेला. दडा बसलाय म्हणून आले आणि ड्रॉप टाकून चार-पाच दिवसांनी कोमट पाण्यानं पिचकारी मारली की माणूस दचकून इकडंतिकडं बघायला लागतो. पाणी अंगाइतकंच कोमट पाहिजे, गार मारलं तर चक्कर येते, आणि कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर पिचकारी अजिबात नाही. एवढं शिकवलं तर उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम हे काम आरामात करू शकतात, त्याला मिरजेचा डॉक्टर लागत नाही. मळ मुळात आपोआप बाहेर येत असतो, आपणच काडेपेटीची काडी, गाडीची किल्ली, सेफ्टी पिन, कोंबडीचं पीस, जे सापडेल ते घालून त्याला आत ढकलतो. कोंबडीचं पीस म्हटल्यावर हसू नका, मऊ असतं म्हणून लोक मुद्दाम जपून ठेवतात.

मळापेक्षा गंभीर म्हणजे कान फुटणं. पोराला सर्दी झाली, रात्री कान ठणकला, सकाळी उशीवर पू, दुखायचं थांबलं. दुखायचं थांबलं की घरच्यांच्या दृष्टीनं विषय संपला. मग दर पावसाळ्यात कान वाहतो, विहिरीत पोहलं की वाहतो, आणि सगळे म्हणतात मोठं झालं की जाईल. तोपर्यंत उपाय चालू: लसूण कडकडवलेलं तेल, सुदर्शनाचं पान गरम करून पिळलेला रस. आता सुदर्शनाचा रस माझ्या आज्जीनं माझ्या पण कानात घातलाय, त्या मायेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पडद्याला भोक असताना तेल किंवा रस आत गेला की मधल्या कानात ओल राहते, आणि ओल्या तेलकट कानात बुरशी मस्त वाढते, पावसाळ्यात तर विचारूच नका.

वाहणाऱ्या कानाचं पहिलं औषध म्हणजे तो कोरडा करणं, आणि इथं आमच्या बायकांना काही शिकवायला लागत नाही. स्वच्छ सुती कापडाची किंवा कापसाची लांब वात वळायची, कान हलका मागं ओढायचा, वात हळूच आत ठेवायची, ओली झाली की काढून नवीन, कोरडी बाहेर येईपर्यंत. दिवसातून तीन वेळा तरी. मग डॉक्टरनं दिलेले ड्रॉप, कारण पूच्या तळ्यात ड्रॉप टाकून तो पोचणारच नाही. आशाताईंच्या ट्रेनिंगला मी हे दाखवते तेव्हा हॉलमध्ये पाच मिनिटांत अशा वाती वळलेल्या असतात की माझी मलाच लाज वाटते. चौदा दिवसांच्या वर कान वाहतोय, घाण वास येतोय, कानामागं सूज आलीये, तोंड वाकडं झालंय किंवा चक्कर येतीये, तर मात्र वाती वळत बसायचं नाही, थेट कान-नाक-घसावाला डॉक्टर. हाड पोखरणारा प्रकार असतो एक, तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

कानातल्या वस्तूंचं पण एकदा सांगून टाकते. ज्वारीचा दाणा, हरभरा, शेंगदाणा कानात गेला तर पाणी घालू नका, तो फुगून बसतो. जिवंत किडा गेला तर आधी थोडं कोमट तेल घालून तो मरू द्या, मग काढायला आणा. तेलाचा हा एवढाच उपयोग मला मान्य आहे, आणि तो पण कान आधीपासून वाहत नसेल तरच.

लहान बाळांबद्दल लिहायला बसले की मला राग येतो म्हणून थोडक्यात लिहिते. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान, सहा महिन्यांपर्यंत मशीन, असं जगभर धरतात. आमच्याकडं पोर अडीच-तीन वर्षांचं झाल्यावर येतं. का? तर ताट वाजवलं की बघतं ना! अहो ताटाचा हादरा कळतो, हात हललेला दिसतो, म्हणून बघतं. आणि दुसरं ठरलेलं, याचा बाप पण उशिराच बोलला. त्यात मामाच्या मुलीशी लग्न आमच्याकडं अजून होतात, एका घरात दोन-दोन पोरं कर्णबधिर निघतात आणि दुसऱ्याच्या वेळेला पण कुणी लवकर तपासत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला, त्याची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, त्या डॉक्टरांनी पकडलेली पोरं माझ्याकडं येतात तेव्हा बरं वाटतं. पण बाळाचं पहिलं वर्ष निसटलं की पुढं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, झालं तरी दर आठवड्याला थेरपीला यायचं असतं, महिनोन् महिने, आणि ऑपरेशन फुकट झालं तरी एसटी फुकट नसते, बुडालेली मजुरी कोण देत नाही, वॉरंटी संपल्यावरची वायर आणि कॉईल तर नाहीच नाही. जतच्या पूर्वेकडच्या गावात अजून एक गंमत, घरात कन्नड, अंगणवाडीत मराठी, आणि माझ्याकडचे थेरपीचे तक्ते सगळे मराठीत. मग पोराच्या आईलाच विचारून शब्द लिहून घ्यायचे, तीच टीचर.

देशात बधिरता नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये २५ जिल्ह्यांत सुरू झाला, त्याची कागदं वाचली तर वरचं जवळपास सगळं त्यात आहे, आशाचं ट्रेनिंग, प्राथमिक केंद्रात कान तपासणं, जिल्ह्याला यंत्रं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते लहान मुलांमधला साधारण ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्यासारखा आहे. म्हणजे काय करायचं हे सगळ्यांना माहितीये. अडतं ते चार्जिंग संपलेल्या ऑटोस्कोपपाशी, बदली झालेल्या ट्रेन्ड सिस्टरपाशी, आणि मागं पिठाची गिरणी चालू असलेल्या शाळाखोलीत ऐकण्याची टेस्ट घ्यावी लागते तिथं.

तर ज्यांना मदत करायची असते आणि जे मला मेसेज करून विचारतात की किती मशीन देऊ, त्यांच्यासाठी: मशीन देऊ नका. तालुक्याच्या एका मेडिकलवाल्याशी बोलून १३ आणि ६७५ चे सेल कायम ठेवायला लावा, त्याचे पहिले पैसे तुम्ही भरा. मोल्डच्या लॅबचं बिल भरा. एखाद्या उपकेंद्राला चांगला ऑटोस्कोप आणि त्याचे जादा बल्ब द्या. महिन्यातून एकदा ठरलेल्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला मशीन दुरुस्त करून, आवाज सेट करून देणारा एक टेक्निशियन बसेल एवढी व्यवस्था करा, बाजाराला माणूस तसाही येतोच, वेगळं भाडं पडत नाही. फ्लेक्स लावायचाच असेल तर त्याच्यावर टेक्निशियन कुठल्या दिवशी बसणार ते मोठ्या अक्षरात लिहा, आणि खाली कन्नडमध्ये पण.